तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्यातला एकही फुटत नाही का?

फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "चंद्रावर माणूस गेलाच नव्हता" असलं काही टाकलं की हमखास एक-दोन जण मला फोन करतात, कारण मी एकेकाळी इथं सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क होतो आणि त्यांना वाटतं ह्याला सगळ्या आतल्या गोष्टी माहिती. प्रश्न ठरलेला, की हजारो माणसं सामील असतील तर त्यातला एक तरी फुटला असता की नाही?

फुटतो की. बोलणारा असतोच. घोळ पुढं होतो.

काट्याचंच सांगतो, कुठला कारखाना ते सोडा. भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन, गव्हाणीत ऊस खाली करून आली की रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी झाली की पावती. माझ्यापुढं नुसता आकडा यायचा, तो आत कुठं आणि कसा फिरवतात ते मला दोन सीझन काढूनही नीट कळलं नाही. पण बाहेरच्या खाजगी काट्यावर वजन करून आलेली गाडी आमच्याकडं हटकून पाच-सहा क्विंटलनं हलकी भरायची. विचारलं तर म्हणायचे, ऊस वाटेत वाळतो. तीन किलोमीटरात!

हे ड्रायव्हरला माहिती, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला माहिती, शेतावर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला माहिती, गेटसमोरच्या वडापाववाल्याला पण माहिती. आणि गंमत बघा, तोडणी आणि वाहतूक दोन्हीचे पैसे टनावर, म्हणजे ह्या लोकांचाही खिसा कापला जात होता, तरी गप्प, कारण मुकादमानं कारखान्याकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, गाडीमालक ॲग्रीमेंटमध्ये अडकलेला, आणि शेतकऱ्याला धास्ती की नोंद मागं पडली तर तोड यायला मार्च उजाडंल, तोवर उसाला तुरे फुटून वजन घटायचं ते वेगळंच. कुणी कुणाला शपथ घातली नव्हती की गुप्त मीटिंग झाली नव्हती. प्रत्येकाचं कुठं ना कुठं अडकलेलं होतं, तेवढं पुरलं.

तरी एक म्हातारा सभासद बोलला. वार्षिक सभेत दोन्ही पावत्या हातात धरून उभा राहिला, आमच्या काट्याची आणि बाहेरच्या काट्याची. दोन वाक्यं झाली असतील नसतील, माईक बंद, पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर", विषय खल्लास. आता ह्याला गुपित म्हणायचं का? हजारभर लोकांसमोर फुटलं होतं की ते.

अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला असंच झालं, फक्त तिथं जीव गेले. १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष अभ्यासाला धरले, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, तो त्यांना सांगितला नाही आणि पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. लपवलेलं होतं म्हणावं तर त्यावरचे पेपर डॉक्टरांच्या जर्नलमध्ये राजरोस छापून येत होते. पीटर बक्स्टन नावाच्या त्याच खात्यातल्या माणसानं १९६६ ला लेखी तक्रार केली, परत १९६८ ला केली, वरच्यांनी बाजूला सारली. शेवटी १९७२ ला बातमी पेपरात आली तेव्हा बंद झालं.

आता उलटं उदाहरण घ्या, ते आपल्याच मातीतलं. प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या विरोधात साताऱ्यात भूमिगतांनी चालवलेलं सरकार. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतलं वाळवा, तासगाव सगळं यायचं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली, आणि क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, इंग्रजांच्या हाताला लागले नाहीत. आज कुठल्या वस्तीवर भूमिगतांची भाकरी गेली हे पोराटोरांना ठाऊक असायचं. ह्यात प्रेम होतं, शंकाच नाही, पण फितुराच्या तळपायांवर काठ्या बसायच्या हेही होतं, त्याला पत्री मारणं म्हणायचे आणि पत्री सरकार हे नाव त्यावरनंच पडलं असं सांगतात. भाषणांत पहिलंच सांगतात, दुसरं हळूच गाळतात.

मग चंद्राचं काय? डेव्हिड ग्राइम्स म्हणून एक आयरिश शास्त्रज्ञ आहे, त्यानं २०१६ साली गणित मांडलं की नासाची ४ लाख ११ हजार माणसं सामील धरली तर ते बिंग पावणेचार वर्षांच्या आत फुटलं असतं. मला ते गणित पुरतं पटत नाही, कारण त्यानं मोजायला घेतली ती फुटलेलीच प्रकरणं, आणि एक बोलला की संपलं असं धरलं. आमच्या सभेतल्या म्हाताऱ्याला कुठं बसवणार त्यात? मला पटतं ते साधं आहे. रशिया तेव्हा डोळ्यात तेल घालून बघत होता आणि त्यानं अमेरिकेकडनं उचल घेतलेली नव्हती. खोट असती तर असल्या माणसानं दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली असती.

आणि हे सगळं ऐकून झालं की पुढचा प्रश्न येतो, मग तू का नाही बोललास? बोललो ना. आमच्या काकांचा दोन एकर ऊस त्याच कारखान्याला जायचा. रात्रीची शिफ्ट संपवून थेट त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं, आवाज बारीक करून. ते दात घासत होते. चूळ टाकून म्हणाले, "आरं लगा, ते माहिताय सगळ्यास्नी. आपली तोड कधी पडतीया तेवढं बघून सांग."