५२ मधून २७ गेले किती?

कॉलेजची पोरं आणि आजूबाजूची शाळकरी मुलं यांच्या जोड्या लावून द्यायच्या, हे माझं काम. दर शनिवारी दोन तास, एका ताईकडे किंवा दादाकडे एक मूल. अभ्यास असतोच पण निम्मा वेळ गप्पा, आणि त्या व्हायलाच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

त्या शनिवारी चौथीतला एक मुलगा नवीन ताईसमोर बसला होता. आधीच्या दादाची परीक्षा आली, 'आता जमणार नाही' असा त्याचा मेसेज आला, मी ओके म्हटलं आणि दुसरी जोडी लावून मोकळी झाले. मुलाला कोणीच काही सांगितलं नाही. दादानेही नाही, मीही नाही.

थोड्या वेळाने ताई आली, म्हणाली याला हातच्याची वजाबाकी अजिबात येत नाहीये हो. वहीत ५२ वजा २७, उत्तर ३५. ही चूक आमच्या ओळखीची आहे, दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलं सरळ सातातून दोन काढतात. निष्काळजीपणा नसतो तो, मुलाने स्वतः बनवलेला नियम असतो, त्यामुळे दहा गणितं दिली तर दहाही तशीच चुकतात. इथेही तसंच झालेलं.

पण मी मागची पानं चाळली तर एका पानावर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे काढलेले, एक गठ्ठा सोडून त्याच्या सुट्या काड्या केलेल्या, दोन आधीच्या मिळून बारा, खाली उत्तर २५ आणि दादाची टिक. म्हणजे येत होतं की याला!

जवळ जाऊन बसले, विचारलं, अरे तुला तर येतं हे, मग असं का लिहिलंस रे? बराच वेळ नुसता खोडरबर घासत राहिला. मग म्हणाला, "नाही आलं की दादा परत शिकवतो."

मला पुढे बोलताच येईना. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांचा अशाच जोड्यांवरचा २००२ चा अभ्यास मी स्वतः प्रत्येक ट्रेनिंगला सांगते, की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला आणि फार लवकर तुटलेल्या जोड्यांमध्ये मुलांचं उलट नुकसानच दिसलं. आणि माझ्याच यादीत या मुलापुढे फक्त 'दादा बदलला' एवढंच लिहिलेलं.

तिथूनच दादाला फोन लावला. रागावले नाही, निरोप कसा घ्यायचा हे त्याला सांगायचं काम माझंच होतं. पुढच्या शनिवारी तो अर्धा तास आला, मुलाला सरळ म्हणाला, माझी परीक्षा आहे म्हणून येत नाही, तुझं काही चुकलं म्हणून नाही. ३१ तारखेला संपते, मग भेटायला येतो.

त्या दिवशी १४ तारीख होती. मुलाने वही ओढली, ३१ खाली १४ मांडले, तीन खोडून वर दोन केला, एकाच्या डोक्यावर ११ लिहिले, आणि बोटांवर मोजून दादाला म्हणाला, "१७ दिवस."