डीव्हीडी बर्नर तुलना: ८एक्स, मीडिया कोड आणि पीआयएफ

टेबलावर तीन ड्राइव्ह आहेत: लाइटऑन आयएचएएस१२४, एलजी जीएच२४एनएसडी१ आणि जुन्या लॅपटॉपमधून काढून यूएसबी केसमध्ये बसवलेला एक स्लिम (पातळ) ड्राइव्ह. पहिल्या दोघांवर २४एक्स (म्हणजे मूळ डीव्हीडी वेगाच्या २४ पट) छापलंय, ते खोक्यापुरतं. डिस्क मिळतात १६एक्सच्या, आणि तो वेगही फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. आतून सुरुवात साधारण साडेसहा एक्सनेच होते. त्यामुळे भरलेली डिस्क १६एक्सला सहाएक मिनिटं घेते, ८एक्सला आठ-साडेआठ. एवढ्याशा फरकासाठी कोण जोखीम घेणार? तुलनेच्या सगळ्या डिस्क ८एक्सलाच लिहितोय. ४एक्सच्या भक्तांनी रागावू नये, पण १६एक्स डिस्कचा डाय (लेसरने ज्यावर लिहिलं जातं तो रंगाचा थर) त्या वेगासाठी बनलेलाच नसतो.

खरा खेळ मीडिया कोडचा, म्हणजे डिस्क कोणी बनवली हे सांगणाऱ्या तिच्यावरच्या नोंदीचा. पाकिटावरचं नाव सोडा, इमेजबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क आयडी बघा, तोच हा कोड. व्हर्बॅटिमच्याच दोन स्पिंडलवर वेगळे कोड निघू शकतात: एकावर एमसीसी ००४, दुसऱ्यावर सीएमसी मॅग. लेसरची ताकद आणि पल्सची लांबी ड्राइव्हमधलं फर्मवेअर या कोडवरून ठरवतं. कोड ओळखीचा नसेल तर ड्राइव्ह सरसकट सेटिंग लावतो, आणि चुका तिथेच वाढतात. एमसीसी ००४ वर लाइटऑन आणि एलजी दोघेही मस्त. मोझर बेअरचा जुना साठा (कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे आता जे आहे ते जुनंच) लाइटऑनवर चांगला लिहिला जातो. स्लिमला मात्र तो झेपत नाही, कडेला पीआयएफ (पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या चुका) उसळतो.

चुका मोजणारे स्कॅन सगळ्यांचे लाइटऑनवरच घेतोय, ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल या सॉफ्टवेअरने. मोजपट्टी एकच हवी, दोन ड्राइव्हचे आकडे एकमेकांशी लावण्यात अर्थ नाही. पीआयई (वाचताना सापडलेल्या एकूण चुका) २८० च्या आत आणि पीआयएफ ४ पर्यंत, ही मर्यादा. पण आलेख सुंदर दिसला म्हणून डिस्क पास करत नाही. बाकीच्या दोघांत ट्रान्सफर रेट टेस्ट (वाचनाचा वेग मोजणारी) लावतो. रेषेत खड्डा दिसला की ती डिस्क बाद.

लाइटऑनवाल्यांसाठी: डिस्कचा ब्रँड बदलला की इमेजबर्नमधून ओपीसी हिस्टरी (लेसरची ताकद जुळवल्याच्या जुन्या नोंदी) पुसा, नाहीतर हायपरट्यूनिंग (लिहिताना शिकत जाण्याची ड्राइव्हची सोय) आधीच्या डिस्कवरून शिकलेलंच पुढे रेटतं. बुकटाइपही (डिस्कचा प्रकार सांगणारी खूण) डीव्हीडी-रॉम करून घ्या. प्लस-आर (डीव्हीडी+आर) नाकारणारा हॉलमधला जुना प्लेअर लग्नाची कॅसेट उतरवलेली डिस्क आता मुकाट वाचतो. मायनस-आरला (डीव्हीडी-आर) ही सोय नाही. उलट तिच्यात सुमारे ६९ लाख बाइट जास्त मावतात, म्हणून तिच्यासाठी काठोकाठ भरलेली इमेज प्लस-आरवर बसत नाही.

पुढचा नंबर ड्युअल लेयरचा (दोन थरांच्या डिस्कचा): कोड एमकेएम ००३, आधी ४एक्सला. थर बदलतो त्या जागी तिघं काय करतात ते बघायचंय. कोणाकडे त्याच कोडचे स्कॅन असतील तर ड्राइव्हचं फर्मवेअर व्हर्जन लिहून टाका.