पुलावरच्या टापा आणि लॅटिन प्रार्थना

सोमवार

इंग्रजांविरुद्ध लढलेला तेराव्या शतकातला स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेस हा श्रुतिकेचा नायक म्हणून सोयीचाही आहे आणि अडचणीचाही. सोयीचा, कारण त्याच्या आयुष्यात कानाला पुरेल इतकं काही आहे: लाकडी पूल, भाल्यांचं रान, वेस्टमिन्स्टरच्या दगडी दालनातला खटला. अडचणीचा, कारण शेवट भयंकर आहे आणि तो गाळता येत नाही.

ख्रिस्ती श्रोत्यांसाठी नाटकं काढणाऱ्या हेअरलूम ऑडिओ या अमेरिकी निर्मात्यांनी २०१४ मध्ये ‘इन फ्रीडम्स कॉज’ हे ध्वनिनाट्य काढलं, मुलांसाठी ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्या जी. ए. हेन्टीच्या १८८५ च्या कादंबरीवरून. बिली बॉइड, जोआन फ्रॉगट, स्कँडर केन्स असे पडद्यावरचे ओळखीचे नट त्यात आहेत. अशा ख्रिस्ती नाटकांचा मोठा श्रोतृवर्ग म्हणजे मुलांना घरीच शिकवणारी अमेरिकेतली कुटुंबं, आणि ऐकण्याची नेहमीची जागा म्हणजे लांबच्या प्रवासातली मोटार. या दोन गोष्टी धरल्या की श्रोत्यांच्या निम्म्या मतांचा उलगडा होतो. मोठा मुलगा रंगून गेला आणि धाकटी रडायला लागली, कारण दोघं एकाच सीटवर होती. लढाईत कोण काय बोललं ते कळलं नाही, कारण खाली टायर घोंघावत होते.

‘वॉलेस म्हणून घेतलं, पण त्यात वॉलेस कमी आणि तो पोरगाच जास्त’ ही तक्रार मात्र हेन्टीच्या साच्याची आहे. खऱ्या वीराशेजारी एक कल्पित तरुण उभा करायचा, ही त्याची ठरलेली रीत. वाचताना हा पोरगा कधीकधी नकोसा होतो, हे कबूल. पण श्रुतिकेत तोच उपयोगी पडतो. डोळे नसलेल्या माध्यमात ‘ते पलीकडे काय हलतंय?’ असं विचारणारा कोणीतरी लागतो. तो नसला की वीराला स्वतःशीच ओरडावं लागतं, ‘अरे, शत्रू पुलावर चढला!’ आणि तिथे नाटकाचं हसं होतं.

मंगळवार

११ सप्टेंबर १२९७. फोर्थ नदीवरचा स्टर्लिंगचा पूल लाकडी होता आणि इतका अरुंद की दोनच घोडेस्वार शेजारी शेजारी जाऊ शकत. वॉलेस आणि त्याचा सहसेनापती अँड्र्यू मरी उत्तरेला अ‍ॅबी क्रेगच्या टेकडीवर दबा धरून राहिले. झेपेल एवढंच इंग्रज सैन्य अलीकडे येऊ दिलं आणि मग खाली उतरून पुलाचं तोंड दाबलं. अलीकडे आलेले अडकले, पलीकडचे बघत राहिले. आपल्याला खिंड अडवण्याची गोष्ट तोंडपाठ आहे. इथे आधी आत घेतलं, मग दार लावलं.

‘ब्रेव्हहार्ट’ या १९९५ च्या चित्रपटाने ही लढाई पुलाशिवाय, मोकळ्या मैदानावर दाखवली. डोळ्यांना ते चाललं. कानांना चालणार नाही. मैदानातली लढाई ऐकायची म्हणजे नुसती आरडाओरड, आणि दोन मिनिटांत कान थकतो. पूल असला की कानाला नकाशा मिळतो: पलीकडे चिखलातल्या थबथब टापा, मध्ये लाकडावरचा पोकळ घुमारा, अलीकडे पुन्हा चिखल. शत्रू कुठवर आलाय ते कोणीही सांगायची गरज उरत नाही.

हा आवाज करायला अजूनही नारळाच्या करवंट्यांइतकं सोपं साधन नाही. चिखलासाठी परातीत ओली माती आणि तिच्यावर एक ओलं फडकं. पुलासाठी रिकाम्या लाकडी खोक्यावर जाड फळी. खोकं भरलेलं असेल तर घुमारा मरतो. आधी दोनच घोडे स्वच्छ ऐकवायचे आणि मग थर वाढवायचे. इथे एक चूक हमखास होते. एकच ध्वनिमुद्रण सहा वेळा एकावर एक ठेवलं जातं. त्याने सहा घोडे होत नाहीत, एकच घोडा पत्र्याच्या नळीतून गेल्यासारखा वाटतो. प्रत्येक थर नव्याने वाजवायचा, चाल थोडी मागेपुढे.

दुसरी चूक अंतराची. टेकडीवरून पूल ऐकू यायचा आहे म्हणून नुसता आवाज बारीक केला की दूरचं सैन्य वाटत नाही, जवळ ठेवलेलं खेळणं वाटतं. लांबून येताना आवाजातली तीक्ष्ण धार आधी जाते, घुमणं वाढतं. तेवढं केलं तर पातळी थोडीशीच उतरवावी लागते.

आणि बोलणं. माझा हिशेब असा: एका वेळी तीनच गोष्टी. एक माणूस बोलतोय, एक आवाज त्याच्या जवळचा, एक मागचा कोलाहल. चौथी गोष्ट आली, मग ते संगीत का असेना, की शब्द बुडाला. लढाईतला हुकूम चार-पाच शब्दांचाच हवा. वाक्य संपलं की लढाई वर घ्यायची, पुढचं वाक्य यायच्या आत खाली. संगीत लढाईत नसेल तर उत्तमच, पण निर्मात्यांना वाद्यवृंदाचे पैसे वसूल करायचे असतात.

तलवार उपसतानाच्या ‘शिंग्’ आवाजावर जाणकार नाक मुरडतात, आणि बरोबरच मुरडतात. लाकूड-चामड्याच्या म्यानातून पातं बाहेर येताना घासल्याचा मऊ आवाज होतो, धातूची घंटा वाजत नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला तो मऊ आवाज तलवारीचा वाटत नाही. एकदा, पहिल्यांदा, ‘शिंग्’ माफ. दर दृश्यात नको.

मोटारीत ऐकणाऱ्यांसाठी एक सोपी कसोटी आहे: हात आवाजाच्या बटणाकडे किती वेळा गेला? कुजबुजलेली प्रार्थना ऐकू यावी म्हणून आवाज वाढवायचा, पुढच्याच क्षणी रणशिंग कानात, म्हणून दचकून कमी करायचा. दोन तासांत हे दहा वेळा झालं तर मिश्रण चुकलंय. निर्मात्याने मोठ्या स्पीकरवर खूश न होता एकदा फोनच्या छोट्या स्पीकरवर पूर्ण ऐकावं. श्रोत्यालाही थोडं करता येतं. वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये आवाजाची पातळी समान ठेवायची सोय असेल तर ती चालू करावी. एकाच कानात इअरफोन घालून ऐकायचं असेल तर दोन्ही बाजू एकत्र करणारं मोनो चालू करावं, नाहीतर डावीकडचा वॉलेस बोलतो आणि उजवीकडच्याचं उत्तर येतच नाही.

बुधवार

उच्चार. स्कॉटिश ढंग अगदी अस्सल केला तर अमेरिकी मूल अर्धं सोडून देतं, पुसट केला तर स्कॉट आणि इंग्रज सारखेच ऐकू येतात. मधला मार्ग म्हणजे ढंग लावायचा तो र आणि स्वरांत, शब्द सगळे ओळखीचे ठेवायचे. त्याहून महत्त्वाचं, नवं पात्र आलं की पहिल्या दोन वाक्यांत कोणीतरी त्याला नावाने हाक मारावी. ‘कोण बोलतंय तेच कळेना’ या तक्रारीवर बहुतेक वेळा हाच उपाय असतो, नट बदलायची गरज नसते.

गुरुवार

खरं भांडण रक्तावरून नाही, प्रार्थनेवरून आहे.

एका बाजूला असे श्रोते, ज्यांना वीराच्या तोंडून विश्वासाची स्पष्ट कबुली हवी असते. ती नसली तर त्यांना ती नुसती लढाईची गोष्ट वाटते. दुसऱ्या बाजूला तेवढेच श्रद्धाळू श्रोते म्हणतात की प्रत्येक दृश्याच्या शेवटी प्रवचन कशाला? दोघांचंही ऐकून घेतलं की माझ्या लक्षात एकच गोष्ट भरते: प्रार्थना कमी की जास्त हा प्रश्नच नाही. ती कोणत्या शतकातली आहे, हा प्रश्न आहे.

तेराव्या शतकातल्या वॉलेसचा धर्म रोमच्या चर्चचा. रोमपासून फुटणारी प्रोटेस्टंट धर्मसुधारणा स्कॉटलंडमध्ये आली १५६० मध्ये. तेव्हा वॉलेस जर आजच्या अमेरिकी उपासनेतल्या माणसासारखा, डोळे मिटून, मोकळ्या शब्दांत, ‘प्रभू, माझ्या हृदयात ये’ अशा सुरात बोलू लागला तर कानाला तो लगेच परका वाटतो, मग मजकूर कितीही भक्तीचा असो. त्याच्या तोंडी ‘पाटेर नोस्टर’ ही लॅटिनमधली प्रभूची प्रार्थना हवी, मागे घंटा हवी, मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना हवी. लॅटिन कळत नाही ही अडचण खरी, पण तिला जुनाच तोडगा आहे: पहिली ओळ लॅटिनमध्ये, मग त्याच लयीत श्रोत्याची भाषा वर येते आणि लॅटिन खाली कुजबुजत राहतं. गोव्यातल्या ज्या म्हाताऱ्यांनी साठच्या दशकाआधीची लॅटिन मिस्सा ऐकली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि कधी कोणी हे मराठीत केलंच, तर लढाईआधीची प्रार्थना नव्याने लिहू नये. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ इतकी ओळखीची आहे की तीन शब्दांत सगळं घर तिच्यामागे बोलू लागेल.

चुटपुट याची लागते की इतिहासाने ख्रिस्ती नाटककारापुढे ताट वाढून ठेवलंय, आणि प्रवचन मात्र बाहेरून आणलं जातं. स्टर्लिंगच्या सकाळी इंग्रजांनी तह बोलायला दोन डॉमिनिकन धर्मबंधू वॉलेसकडे पाठवले होते. आम्ही तहाला नाही, लढून राज्य सोडवायला आलो आहोत, अशा अर्थाचा निरोप घेऊन ते परतले. शांतीचा निरोप घेऊन आलेले पाद्री आणि त्यांना नकार देणारा श्रद्धाळू योद्धा: यापेक्षा अवघड प्रसंग कुठला लेखक कल्पनेने रचणार? लढाईनंतर बरोबर महिन्याने, ११ ऑक्टोबरला, मरी आणि वॉलेस यांनी हॅडिंग्टनहून ल्यूबेक आणि हँबर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहिलं. देवाच्या कृपेने राज्य युद्ध करून इंग्रजांच्या हातून सोडवलं आहे, माल घेऊन निर्धास्त या. देवाचं नाव आणि बंदराचा धंदा एकाच पत्रात. हे पत्र नाटकात वाचलं तर श्रद्धा त्या काळातल्या माणसाची वाटते, चिकटवलेली वाटत नाही.

त्याहून मोठा प्रसंग उत्तर इंग्लंडमधल्या हेक्सहॅमचा, त्याच नोव्हेंबरमधला. सांगणारा वॉल्टर ऑफ गिसबरो, म्हणजे इंग्रज इतिवृत्तकार, वॉलेसची तरफदारी करणारा नव्हे. वॉलेसने मठातल्या धर्मगुरूला मिस्सा म्हणायला सांगितली. मध्येच शस्त्रं उतरवायला तो बाहेर गेला, आणि तेवढ्यात त्याच्याच सैनिकांनी वेदीवरचा प्याला पळवला. वॉलेस परतल्यावर संतापला, चोरांना शोधायला सांगितलं, पण शोधणारेच सामील. ७ नोव्हेंबरला त्याने मठाला संरक्षणाचं पत्र दिलं. ही गोष्ट कानासाठीच घडली असावी: छोटी घंटा, पावलं दाराबाहेर, पट्ट्याची कडी सुटल्याचा आवाज, आत धातूचा एक ओरखडा, आणि मग लॅटिन वाक्य अर्ध्यावर थांबतं. संगीत अजिबात नको. वीर चांगला, पण त्याचं सैन्य त्याच्या हातात पूर्ण नाही, हे मुलांनाही कळतं.

या कथेतला दुसरा वीर, रॉबर्ट ब्रूस, याच्या बाबतीत श्रोत्यांची परीक्षा आणखी कडक. १० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रिसच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये त्याच्या हातून त्याचा प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन मारला गेला. त्यावरून तो धर्मबहिष्कृत झाला, आणि खुनाला दीड महिना झाला नव्हता तेव्हा, २५ मार्चला, स्कोनला स्कॉटलंडचा राजा झाला. स्वच्छ वीर हवा असलेल्या पालकांना हे नको असतं. माझं मत उलट आहे. हे गाळलं तर १३१४ ची बॅनकबर्नची लढाई, जिथे ब्रूसने इंग्रजांना हरवलं, नुसती मिरवणूक होते. ते ठेवलं तर त्या सकाळी गुडघे टेकणाऱ्या सैन्याचा आवाज वेगळा ऐकू येतो, कारण त्या सैन्याच्या राजाने काय केलंय ते आपल्याला माहीत असतं.

शनिवार

वयाचा प्रश्न. २३ ऑगस्ट १३०५ ला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये वॉलेसचा वध झाला: घोड्यामागे फरफटत नेणं, फास, मग जिवंतपणीच चिरणं. ‘किती वर्षांच्या मुलांना ऐकवावं?’ याचं उत्तर वेष्टनावर छापलेला आकडा देत नाही, ध्वनीची निवड देते. चित्रात कॅमेरा वळवता येतो, आवाजात मात्र मूल स्वतः चित्र काढतं आणि ते नेहमी जास्त भयानक असतं. हाड मोडल्याचा आवाज हिरव्या सेलेरीचा किंवा गाजराचा, मांसाचा आवाज ओल्या फडक्याचा. हे करता येतं म्हणून करू नये. किंकाळी तर मुळीच नको. दगडी रस्त्यावर घसटणाऱ्या लाकडाचा आवाज आणि गर्दी एवढ्यावर दृश्य उभं राहतं. गर्दीसाठी आठ माणसं चार वेळा वेगवेगळ्या जागी उभी करून मुद्रित केली तरी पुरतात. अट एकच, सगळ्यांनी एकदम ओरडायचं नाही. कोणी हसावं, कोणी खोकावं, एखाद्याने भाजी विकावी.

खटल्यात मात्र हात आखडू नये. राजद्रोहाच्या आरोपाला वॉलेसचं उत्तर होतं की इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्याशी मी निष्ठेची शपथ कधी घेतलीच नाही, मग द्रोह कसला? हे वेस्टमिन्स्टरच्या उंच छताखाली, मायक्रोफोनपासून तीन-चार हात लांब उभं राहून म्हणायचं, प्रतिध्वनी संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

शेवटासाठी आंधळा हॅरी हा स्कॉटिश कवी आहे. वॉलेसनंतर सुमारे १७० वर्षांनी त्याने जे लांबलचक काव्य रचलं, ते पोवाड्यासारखंच ऐकावं, बखर म्हणून नव्हे. पण त्यातली एक गोष्ट नाटकाने जरूर घ्यावी आणि निवेदकाने ती परंपरा म्हणूनच सांगावी: वॉलेसने लहानपणापासून जवळ बाळगलेलं स्तोत्रांचं पुस्तक मागितलं, आणि शेवटपर्यंत एका धर्मगुरूने ते त्याच्यापुढे उघडं धरलं. इथे गर्दी हळूहळू खाली घ्यायची आणि पान उलटल्याचा आवाज जवळ आणायचा. तो आवाज वहीच्या कागदाचा नको. ते पान चामड्याचं होतं. जुन्या ढोलकीचं सुटलेलं पान मिळालं तर ते वाकवून वाजवावं, थोडं जाड, थोडं करकरीत.