आमची वाटचाल: रेंज वाढवणारे ते कमी करणारे

नवा ग्राहक आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "रेंज वाढवून पाहिजे." आणि आमच्या कामाचा मोठा भाग असतो तो आधी कुणीतरी वाढवून ठेवलेलं कमी करण्याचा. ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या डब्याची, पॉवर कमी, नेटवर्कची नावं कमी, सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड बंद, कर्मचाऱ्याच्या फोनवर कंपनीचा ताबा लागेल तेवढाच. असा धंदा करून फर्म टिकते कशी, हे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या आयटीवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय, म्हणजे वाचता वाचता त्यांच्या कामाचंही काही हाती लागेल.

आम्ही दोघं भागीदार मुळात केबलिंगमधले. क्रिंपिंग टूल, लॅन टेस्टर आणि शिडी एवढ्या भांडवलावर सुरुवात केली. २००३ मध्ये ८०२.११जी हे वायफायचं नवं मानक आलं आणि वायरलेस ऑफिसांत शिरायला लागलं. खोक्यावर ५४ एमबीपीएस छापलेलं असायचं, हातात जेमतेम वीस-बावीस पडायचे. ग्राहकाला वाटायचं, आपल्याला फसवलं. तसं नव्हतं. हवेत एका वेळी एकालाच बोलता येतं, डेटाच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे पॅकेटची, पोच यावी लागते, आणि बाकीच्यांनी तोवर थांबायचं असतं. हे समजावण्यात आमची पहिली काही वर्षं गेली. आजही जातात, फक्त खोक्यावरचा आकडा मोठा झालाय.

तेव्हा सुरक्षितता म्हणजे डब्ल्यूईपी, वायफायचं सुरुवातीचं कुलूप. त्यातली कमजोरी २००१ मध्येच फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी जाहीर केली होती. प्रत्येक पॅकेटबरोबर जाणारा आरंभीचा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास शक्यता. गजबजलेल्या ऑफिसात काही तासांतच तेच आकडे पुन्हा यायला लागतात. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ ही नवी कुलपं आली, तरी कितीतरी ठिकाणी डब्ल्यूईपी तसंच चालू होतं, कारण "आमचा जुना स्कॅनर त्याच्यावरच चालतो". हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच सुमारास आम्ही इमारतींमधले दुवेही बसवायचो. गच्चीवर खांब, ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, समोरच्या इमारतीवर तसाच दुसरा. लोकांना वाटतं, समोरची गच्ची डोळ्यांना दिसली की झालं. पण लहर सरळ रेषेत दोरीसारखी जात नाही, तिला मधे फुगायला जागा लागते. १ किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर साधारण साडेतीन मीटर त्रिज्येचा पट्टा असतो आणि त्यातला निदान ६० टक्के मोकळा हवा. एका दुव्याचा वेग दर वर्षी ठरावीक महिन्यांत पडायचा. ग्राहक रेडिओ बदलायच्या तयारीत होता. मधल्या झाडाला पालवी फुटायची, एवढंच कारण. खांब उंच केला, रेडिओ तोच ठेवला.

मग वायमॅक्सची, म्हणजे लांब पल्ल्याच्या वायरलेस इंटरनेटची, हवा आली. एक पुरवठादार आमच्या मागेच लागला होता की आत्ता एजन्सी घ्या, पुढची दहा वर्षं मागे वळून बघायला नको. आम्ही घेतली नाही. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, गुंतवायला पैसाच नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत एलटीईची, म्हणजे आपण ज्याला ४जी म्हणतो त्याची, पहिली व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत निकाल लागला. तंत्र म्हणून वायमॅक्स वाईट नव्हतं असं माझं अजूनही मत आहे, दोन्हींच्या गाभ्यात बरंचसं सारखंच होतं. पण मोबाइल कंपन्या आणि फोन बनवणारे ज्या बाजूला गेले, तीच बाजू उरली.

आमचा धंदा खऱ्या अर्थाने वळला तो एका कॉल सेंटरसारख्या मोठ्या हॉलमुळे. तक्रार अशी की फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण वायफायवरून केलेले कॉल चालता चालता तुटतात. आधीच्या कंत्राटदाराने प्रत्येक ॲक्सेस पॉइंट कमाल पॉवरवर लावलेला. लाउडस्पीकरवरून बोलणाऱ्याचं आपल्याला लांबून ऐकू येतं, पण म्हणून आपण पुटपुटलेलं त्याला ऐकू जातंच असं नाही. फोनचा रेडिओ दुबळा असतो. त्याला ॲक्सेस पॉइंटचं छान ऐकू येतं, म्हणून तो त्यालाच धरून बसतो. दुसरा ॲक्सेस पॉइंट डोक्यावर असला तरी सोडत नाही, कारण कुठे जोडायचं हे फोन ठरवतो, नेटवर्क नाही.

त्या हॉलमध्ये आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने लॅपटॉपवर पॅकेट पकडायला सुरुवात केली आणि मला हाक मारली. "दादा, हे बघा, कुणी काही करत नाहीये तरी चॅनेल निम्म्याच्या वर भरलंय." प्रत्येक विभागाने वायफायचं आपापलं नाव मागून घेतलं होतं. अकाउंट्सचं वेगळं, एचआरचं वेगळं, पाहुण्यांचं, संचालकांचं, प्रिंटरचं, असं करत आठ नावं. आता हिशेब करा. ॲक्सेस पॉइंट प्रत्येक नावासाठी दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन, म्हणजे हजेरीचा निरोप, पाठवतो, तोही सर्वांत मंद वेगाने, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर सहसा १ एमबीपीएसने. ३०० बाइटच्या बीकनला त्या वेगाने अडीच मिलिसेकंद लागतात. आठ नावं, एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारे तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे १०२ पैकी साठेक मिलिसेकंद फक्त "मी इथे आहे" सांगण्यात खर्च. कामाला उरतात चाळीस.

नावं तीन ठेवली. १, २, ५.५ आणि ११ हे जुने वेग बंद केले. पॉवर उतरवली, चॅनेल १, ६ आणि ११ असे नीट वाटून दिले आणि दोन ॲक्सेस पॉइंट चक्क काढून ग्राहकाच्या हातात ठेवले. तिथले आयटी प्रमुख म्हणाले, "अहो, तुम्ही काढायला आलात की बसवायला?" पण कॉल तुटायचे थांबले.

बिल मात्र छोटं झालं. माल विकून मिळणारा नफा हाच आधार असता तर असं काम परवडलंच नसतं. म्हणून आम्ही सर्व्हे आणि वार्षिक देखभाल यांचे पैसे वेगळे लावायला सुरुवात केली. काही ग्राहकांना ते पटलं नाही. "नुसतं बघायचे पैसे?" असं म्हणून ते जास्त खोकी देणाऱ्याकडे गेले. गेले ते गेलेच, सगळे परत येतात असं काही नसतं.

सुरक्षेच्या बाजूला आम्ही पासवर्डवरून शिरलो. सगळ्या ऑफिसचा एकच वायफाय पासवर्ड, भिंतीवर छापून लावलेला. माणूस नोकरी सोडून जातो, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहतो. शिवाय डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडला जातानाचा सुरुवातीचा संवाद हवेतून पकडून ठेवता येतो आणि मग घरी बसून निवांतपणे अंदाज लावत बसता येतं. पासवर्ड कंपनीचं नाव आणि साल असा असेल तर फार बसावंही लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने हे बंद केलं, कारण तिथे प्रत्येक अंदाजासाठी नेटवर्कशी प्रत्यक्ष बोलावं लागतं.

ऑफिससाठी खरा उपाय म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी तपासणं, म्हणजे त्यासाठीचं ८०२.१एक्स मानक आणि ती ओळख पडताळणारा रेडियस सर्व्हर. पण इथे एक शॉर्टकट सर्रास चालतो आणि त्यावर माझा राग आहे. नाव-पासवर्डवाली पीईएपी पद्धत लावायची आणि फोनवर सांगायचं, "प्रमाणपत्र तपासू नका असं निवडा, पटकन जोडलं जातं." हे प्रमाणपत्रच समोरचा सर्व्हर खरा असल्याचा पुरावा असतं. म्हणजे बाहेर गाडीत बसून कुणी त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं केलं, तर फोन आपणहून त्याच्याशी बोलायला जाणार. त्या संवादामागची एमएस-चॅप व्ही२ पद्धत शेवटी डीईएस या जुन्या कूटपद्धतीच्या एका ५६ बिटांच्या किल्लीवर येऊन ठेपते, हे २०१२ मध्येच दाखवून दिलं गेलंय. २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ च्या अपडेटने पिक्सेल फोनांवरून तो पर्याय काढला, आणि आमचा फोन वाजायला लागला, "सर, नवे फोन जोडलेच जात नाहीत." आम्ही ज्यांच्याकडे आधीपासून उपकरणावर प्रमाणपत्र टाकणारी ईएपी-टीएलएस बसवली होती, त्यांच्याकडून एकही हाक आली नाही.

मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या रेडिओच्या क्रमांकावरून, फोन ओळखायची सवयही अशीच सुटली. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता सांगतो. परवानगीच्या लांबलचक याद्या एका रात्रीत कागदाचे तुकडे झाल्या. तसंही मॅक पत्ता बदलणं कुणालाही जमतं, त्यामुळे त्याचं दुःख नाही.

मोबाइलच्या सुरक्षेत आम्हाला ओढलं ते ऑक्टोबर २०१७ च्या क्रॅक हल्ल्याने. मॅथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ च्या त्या सुरुवातीच्या संवादातच फट दाखवली आणि सगळीकडून मागणी आली, "राउटर बदलून द्या." माल विकायची ती सोन्यासारखी संधी होती. पण हल्ल्याचा मुख्य रोख फोन आणि लॅपटॉपवर होता, अपडेट तिकडे हवा होता. आणि कुणाच्या फोनवर कुठला अपडेट आहे, हे एकाही कंपनीला सांगता येईना. गूगलने दर महिन्याचे सुरक्षा अपडेट २०१५ मध्येच सुरू केले होते, अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट या फटीच्या गोंधळानंतर. ते ऑफिसातल्या फोनांपर्यंत पोचतात का, हे बघणारं कुणी नव्हतं. ते काम आम्ही घेतलं.

इथेही पहिला अडथळा "जास्त" हाच. कंपनीला कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर सगळं दिसायला हवं असतं, कर्मचाऱ्याला काहीच दाखवायचं नसतं. एका कंपनीत विक्री विभागातल्या ताईंनी मला सरळ विचारलं, "माझे फोटो बघणार का तुम्ही?" मी त्यांच्याच फोनवर वर्क प्रोफाइल उघडून दाखवलं. कामाची ॲप्स वेगळ्या कप्प्यात, त्यांच्यावर ब्रीफकेसची खूण. पुसायची वेळ आली तर तेवढाच कप्पा पुसला जातो, घरचे फोटो जागच्या जागी. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे. तरीही "पूर्ण फोन ताब्यात हवा" म्हणणारे अधिकारी भेटतात. कंपनीने घेऊन दिलेला फोन असेल तर जरूर घ्या. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर असं मागितलं की लोक ऑफिसची मेल गुपचूप दुसऱ्या मार्गाने वाचायला लागतात, मग तुमच्या हातात काहीच राहत नाही.

फोन हरवला की घाईघाईने पुसण्याची आज्ञा पाठवतात. ती फोन नेटवर आला तरच पोचते, आणि चोर पहिलं काम सिम काढण्याचं करतो. म्हणून आमचा क्रम उलटा आहे. आधी सर्व्हरवरून त्या माणसाची सगळी चालू सत्रं बंद करा, मग सिम बंद करा, पुसण्याची आज्ञा शेवटी. स्क्रीन लॉक आणि एन्क्रिप्शन असेल तर आतला डेटा तोवर थांबतो. सिमला पिन घालायलाही आम्ही सांगतो. दुसऱ्या फोनमध्ये ते सिम टाकून ओटीपी मिळवणं हा सोपा मार्ग तेवढ्याने अडतो. ओटीपी एसएमएसवर ठेवूच नये, हे त्याहून बरं.

मार्च २०२० नंतर सगळे घरी बसले आणि शाखा, घरं, गोदामं मोबाइल डेटावर आली. त्यातला एक बिघाड आयटीवाल्यांनी जरूर ओळखून ठेवावा. व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित बोगदा) जोडलं जातं, पिंग (चाचणीचं पॅकेट) जातो, चॅट चालतं, पण मोठी फाइल चढवली की चाक फिरत राहतं. सगळे स्पीड टेस्ट करत बसतात आणि तो उत्तम येतो. अशा वेळी पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा पिंग मारा, न गेल्यास आकार उतरवत या. मोबाइलच्या दुव्यावर, त्यात व्हीपीएनचं वेष्टन, १५०० चं पॅकेट मावत नाही, आणि "मावत नाही" हा निरोप मधला फायरवॉल अडवतो. राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १३६० च्या आसपास बांधून टाकला की फाइल जाते. वायरगार्ड हे व्हीपीएन मुळातच १४२० बाइटचं पॅकेट धरून चालतं, तरी काही दुव्यांवर त्याहून खाली यावं लागतं.

दुसरी गोष्ट, ४जी राउटरला १०० पासून सुरू होणारा आयपी पत्ता दिसला आणि तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असला, तर बाहेरून आत जोडणी होईल ही आशा सोडा. मोबाइल कंपनीने तुम्हाला हजारोंबरोबर एका पत्त्यामागे बसवलंय. शाखेने मुख्य ऑफिसकडे जोडून घ्यायचं, उलट नाही. यासाठी महागडा स्थिर पत्ता विकत घेऊन बसलेल्या ग्राहकांना आम्ही तो बंद करायला सांगितला आहे.

सध्या कामं ६ गिगाहर्ट्झची येताहेत. त्या पट्ट्यात जुना डब्ल्यूपीए२ चालतच नाही. घरची जोडणी असो वा ऑफिसची, तिला डब्ल्यूपीए३ लागतं, आणि व्यवस्थापनाच्या फ्रेम, म्हणजे जोडण्या-तोडण्याचे निरोप, सुरक्षित ठेवणंही सक्तीचं आहे. त्यामुळे कुणीही खोटी फ्रेम पाठवून फोन तोडून टाकायचा जुना खेळ तिथे संपला. मला हा बदल मनापासून आवडलाय. पण गेल्याच आठवड्यात एका गोदामात बसलो होतो, नव्या ॲक्सेस पॉइंटचा आराखडा टेबलावर, आणि तिथले व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, आमचा जुना स्कॅनर यावर चालणार नाही." २.४ गिगाहर्ट्झवर त्या स्कॅनरांपुरतं एक वेगळं नाव ठेवतोय, वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, फक्त एका सर्व्हरपर्यंत पोचणारं. शेवटचा स्कॅनर बदलला की ते नाव काढायचं, हे करारातच लिहून घेतलंय.