जपानमध्ये एएलटी: शाळा मिळाली, घर मिळालं, खातं काही मिळेना

जपानला शाळेत इंग्रजी शिकवायला निघाले तेव्हा घरच्यांना दोनच काळज्या होत्या, थंडी आणि जेवण. थंडीला रॉकेलचा हीटर होता, जेवणाला मी नेलेला डबा होता. मला जेरीस आणलं ते बँकेनं. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लांबण लावतेय. ज्यांना फक्त यादी हवी आहे त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

मी एएलटी होते, म्हणजे वर्गात जपानी शिक्षकाच्या जोडीनं इंग्रजी घेणारी सहायक शिक्षिका. बरेच जण 1987 साली सुरू झालेल्या सरकारी जेट योजनेतून जातात. मला नागानो प्रांतातल्या एका लहान शहराच्या शिक्षण मंडळानं थेट घेतलं होतं. व्हिसा वगैरे सरळ झालं. रेसिडेन्स कार्ड, म्हणजे तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र, तर नारिता विमानतळावर पासपोर्ट तपासतानाच हातात ठेवतात. घर मंडळानंच दिलं. तसं मिळत असेल तर कुरकुर न करता घ्या. स्वतः शोधायला गेलं की डिपॉझिट, घरमालकाला द्यायची आणि कधीच परत न येणारी रक्कम, एजंटची फी, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी, हे सगळं पहिल्या पगाराच्या आधीच खिशातून जातं.

नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंद करावी लागते. मार्चअखेर ते एप्रिल हा तिथे बदल्यांचा आणि घरं बदलण्याचा हंगाम, त्यामुळे तोबा गर्दी होती. पण काम चोख झालं, कार्डाच्या मागे पत्ता उमटला. त्या फॉर्मवर एक रकाना होता, नावाच्या उच्चाराचा, तो काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत भरायचा. माझं नाव प्रज्ञा, मधलं नाव वडिलांचं, ज्ञानेश्वर. पासपोर्टवर दोन्हींत आपला तो डी-एन-वाय. काउंटरवरच्या मुलानं पासपोर्ट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, ओठांतल्या ओठांत दोनदा पुटपुटला आणि नम्रपणे काहीतरी लिहून मोकळा झाला. हा रकाना लक्षात ठेवा.

आता बँक. तिची खिडकी 9 ते 3. शाळा सकाळी सव्वाआठपासून चारच्या पुढेपर्यंत. म्हणजे बँकेत जायचं तर तासांची रजा टाकायची, रजेच्या वहीवर उपमुख्याध्यापकांचा शिक्का घ्यायचा आणि अख्ख्या स्टाफरूमची माफी मागत बाहेर पडायचं. आणि हे सगळं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात.

खिडकीवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं, आल्याची तारीख पाहिली आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, सहा महिने झाले की या. पगार दर महिन्याला खात्यातच जमा होणार होता, त्याचं काय, याला उत्तर नव्हतं. एक दिलगिरीचं स्मित होतं.

या सहा महिन्यांमागे नियम आहे, बाईंच्या मनचं काही नाही. परकीय चलनाच्या कायद्याखाली नुकताच आलेला परदेशी माणूस सहा महिने 'अनिवासी' धरला जातो आणि अनिवासी खात्यावर बरीच बंधनं असतात. पण त्याच नियमात असंही आहे की जपानमधल्या कार्यालयात नोकरीला आलेला माणूस आल्यापासूनच निवासी. हा भाग खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. मला तो शाळेच्या कार्यालयातल्या क्लार्कबाईंनी सांगितला आणि लगेच नोकरीचा दाखला टाइप करून शिक्का मारून दिला. तो दाखला आणि करारपत्राची प्रत पहिल्याच फेरीत सोबत ठेवा. बँक तरीही नाही म्हणू शकते, पण निदान सहा महिन्यांचं कारण पुढे करता येत नाही.

दाखला घेऊन गेले तर बाई म्हणाल्या, फोन नंबर? जपानी हवा. फोनच्या दुकानात गेले तर तिथे म्हणाले, बिल कुठून कापायचं, खातं? भारतातलं क्रेडिट कार्ड त्यांच्या यंत्रानं घेतलं नाही. पर्यटकांचं नुसत्या डेटाचं सिम माझ्याकडे होतं, पण त्याला बोलायचा नंबर नसतो. शाळेचा लँडलाइन नंबर चालेल का, असं मी बँकेत विचारलं. नाही चालणार. दुसऱ्या दिवशी उपमुख्याध्यापकांनी शाळेतून फोन करून तेच विचारलं. चालेल म्हणे! तेव्हा यातून घ्यायचं ते घ्या: ज्या प्रश्नाला तुम्हाला 'नाही' मिळालं, तो एखाद्या वयस्कर सहकाऱ्याला फोनवर विचारायला लावा.

मग आला नावाचा फॉर्म. अक्षरागणिक एक चौकोन. काताकानात 'द' किंवा 'ब'साठी वेगळं अक्षर नसतं, 'त' किंवा 'ह'च्या अक्षराला वर दोन बारीक रेघा मारल्या की झालं. बँकांच्या पैसे पाठवण्याच्या यंत्रणेत मात्र त्या दोन रेघा स्वतंत्र अक्षर म्हणून मोजल्या जातात. त्यामुळे माझ्या आणि वडिलांच्या नावातल्या प्रत्येक 'द'नं दोन-दोन घरं अडवली. शिवाय नावाच्या भागांमध्ये एक-एक घर मोकळं. आडनाव, माझं नाव, आणि वडिलांचं नाव अर्ध्यावर आलं तोच कागदावरचे चौकोन संपले. बाई आत गेल्या. आतून एक साहेब आले, त्यांनी पट्टी ठेवून चौकोन पुन्हा मोजले. जणू मोजल्यावर ते वाढणार होते. वडिलांचं नाव गाळा म्हटलं तर कार्डाशी जुळत नाही, लिहा म्हटलं तर मावत नाही. शेवटी कुठल्याशा मुख्य शाखेला फोन झाला, घड्याळात तीन वाजले, खिडकीवर पडदा आला आणि मी पुढच्या रजेची तारीख ठरवून शाळेत परतले.

खातं उघडलं एकदाचं. नाव दोन अक्षरं आखडून बसवलं. आडनावाचा शिक्काही करून घ्यावा लागला, कारण त्या शाखेला सही चालत नव्हती. बऱ्याच बँकांत आता चालते, आधी विचारा. दुकानात तयार मिळतात ते जपानी आडनावांचे शिक्के, आपला बनवून घ्यावा लागतो, त्यात काही दिवस जातात.

वाटलं सुटलो. एकवीस तारखेला सगळ्यांचा पगार झाला, माझा नाही. नगरपालिकेतल्या मुलानं माझ्या नावाचा उच्चार एका तऱ्हेनं लिहिला होता. पगाराच्या संगणकात तोच गेला होता. बँकेनं दुसऱ्या तऱ्हेनं लिहून घेतला होता. जपानमध्ये खातं क्रमांक बरोबर असून भागत नाही, काताकाना नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं. जुळलं नाही म्हणून पैसे आले तसे परत गेले. नकाराचं कारण कळायलाही काही दिवस लागले, कारण बँक म्हणे पाठवणाऱ्याला विचारा आणि पाठवणारे म्हणत बँकेला विचारा. तोवर मी कॉन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, सेव्हन बँकेच्या एटीएममधून भारतातल्या कार्डावर पैसे काढून दिवस काढले. त्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात. प्रत्येक वेळी शुल्क कापलं जातं ते वेगळंच.

सोडवलं पुन्हा क्लार्कबाईंनीच. त्यांनी माझं पासबुक मागितलं, मुखपृष्ठ उलटलं आणि आतल्या पानावर छापलेल्या काताकाना नावाची झेरॉक्स काढली. ती पगाराच्या विभागाला गेली आणि पुढच्या फेरीत पैसे आले. त्या दिवशी मला झालेला आनंद पगाराच्या आकड्याच्या मानानं फारच जास्त होता. तेव्हापासून ती झेरॉक्स माझ्या पाकिटात असते. फोनच्या दुकानात, गॅसवाल्यांकडे, शाळेच्या जेवणाच्या पैशांच्या कपातीसाठी, कुणी नाव विचारलं की तोंडानं सांगायचं नाही, ते पान पुढे करायचं. आणि याहून बरं म्हणजे जायच्या आधीच आपल्या नावाचं एकच काताकाना रूप ठरवून, जपानी येणाऱ्या कुणाकडून तपासून, कागदावर लिहून न्या. नगरपालिकेच्या रकान्यातही तेच भरायला लावा.

आता बाकीचं, आठवेल तसं. शाळेत बाहेरची चप्पल-बूट चालत नाहीत, आत घालायचे वेगळे बूट पहिल्याच दिवशी न्या. तुम्हाला प्राथमिक शाळा मिळाली तर तिसरी-चौथीला वर्षाला 35 तास आणि पाचवी-सहावीला 70 तास इंग्रजी असतं, 2020पासून. तिसरीची मुलं दमवतात पण सगळ्यात गोड. दुपारचं जेवण शाळेतच असतं आणि साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. शाकाहारी असाल तर करार करतानाच लेखी कळवा. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा, चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडतात. रेसिडेन्स कार्ड सतत जवळ हवं, कायदाच आहे.

पहिल्या वर्षी हातात येणारा पगार बघून हुरळून जाऊ नका. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर बसतो, म्हणून सुरुवातीला तो नसतो आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून सुरू होतो. पेन्शनचे कापलेले पैसे देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी काही प्रमाणात परत मिळतात. पण भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर 2016पासून लागू आहे, आणि एकदा ती रक्कम घेतली की ती वर्षं कराराखाली धरली जात नाहीत. तेव्हा अर्ज करण्याआधी हिशेब करा.

आणि कार्डाची मुदत वाढवून मिळाली की नव्या कार्डाची प्रत बँकेला लगेच द्या. नाही दिली तर खात्यावरचे व्यवहार अडवू शकतात. मी दिली तेव्हा त्याच खिडकीवरच्या बाईंनी नवा फॉर्म पुढे केला. चौकोन तेवढेच होते.