तांब्याचा पत्रा नको, माठातलं पाणी हवं

लग्नात, एसटीत, कुठेही भेटलं की लोक एकच विचारतात: "ते फोटोग्रॅव्ह्युअर शिकायला मुंबईला नाहीतर बडोद्याला जावंच लागत असेल ना? चाळीसगावात बसून कसं जमवलंत?" ज्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांनी घराबाहेर फारसं न पडता टेबलटॉप फोटोग्राफी, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून त्यांचे फोटो काढणं, केलं, तिथे हा प्रश्न ऐकून जरा गंमतच वाटते. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जमवलं कमी, बिघडवलं जास्त.

फोटोग्रॅव्ह्युअर म्हणजे फोटो शाईने छापायचा प्रकार. पत्र्यावर काळ्या भागात खोल खळगे, उजळ भागात उथळ. खळग्यांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढायचा. 1879मध्ये कारेल क्लीचने याची रीत बसवली: तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी, वर जिलेटिनचा थर, मग फेरिक क्लोराइडने खोदाई. त्या जिलेटिनला डायक्रोमेट नावाचं रसायन लागतं, आणि ते कर्करोगाला निमंत्रण देणारं. माझी प्रयोगशाळा म्हणजे मागची मोरी. त्यामुळे तांबं सोडलं आणि फोटोपॉलिमरची प्लेट घेतली. जुन्या रीतीचे लोक नाक मुरडतात, मुरडू देत.

या प्लेटवरचा थर अतिनील किरणांनी कडक होतो. त्यावर फोटो छापलेली पारदर्शक फिल्म ठेवायची; फिल्मवरच्या काळ्या शाईने जिथे किरण अडवले तिथे तो मऊ राहतो आणि पाण्यात धुऊन जातो. किरणांसाठी दिव्याची सोय नव्हती, पण खानदेशात ऊन विकत घ्यावं लागत नाही.

पहिला प्रिंट स्टेशनजवळच्या एका दुकानाचा. पाटी उलटी आली, वर सगळं धूसर. फिल्मची शाईची बाजू मी वर ठेवली होती. ती प्लेटला चिकटून हवी. मध्ये फिल्मची जाडी आली की प्रकाश कडेने शिरतो, आणि अक्षरंही उलटी छापली जातात. एका चुकीत दोन धडे, स्वस्तच म्हणायचं.

दुसऱ्या प्रिंटमध्ये गडद सावल्या काळ्या व्हायच्या त्या राखाडी निघाल्या. मोठ्या काळ्या भागातला थर सगळाच धुतला गेला की शाई धरायला कडाच उरत नाहीत, पुसताना ती निघून येते. म्हणून शाईला धरायला कडा मिळाव्यात यासाठी आधी बारीक ठिपक्यांची स्क्रीन ठेवून एकदा ऊन द्यायचं, मग फोटोची फिल्म ठेवून दुसऱ्यांदा. किती वेळ? ते पुस्तकातून कळत नाही. प्लेटच्या एका पट्टीवरचा पुठ्ठा दर पंधरा सेकंदांनी सरकवत मी ते ठरवलं, आणि पावसाळ्यात परत ठरवलं.

खरं छळलं ते पाण्याने. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून चहाला चालेल असं पाणी येतं. त्यात धुतलं की हवा तेवढाही थर विरघळून बारीक छटा गेल्याच. तीन प्लेटा वाया गेल्यावर मी माठातलं पाणी वापरायला लागले. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

प्रेस आला त्या दिवशी शेजारच्या आक्का दोन्ही रूळ निरखून म्हणाल्या, "हाई रसवंतीनं मशीन शे का?" तसंच दिसतं, खरंय.

मग गाव सोडावंच लागलं नाही का? लागलं, तीन दिवस. शाई पुसणं मला एकटीला येईना. कांजी दिलेल्या विरळ कापडाने किती दाबून, कुठे थांबायचं, हे बघूनच कळलं. ज्यांच्याकडे गेले ते काहीच बोलत नव्हते. शेवटी तळहात प्लेटवरून अलगद फिरवायचे आणि कान देऊन ऐकायचे. आधी चिकट कुरकुर, मग नुसती सळसळ. सळसळ आली की ते कागद उचलायचे.