वाटा

स्पेनमधल्या फोन्सेबादोन गावाच्या वर, सुमारे 1,500 मीटर उंचीवर, एक उंच लाकडी खांब आहे. टोकाला छोटासा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी दगडांचा भलामोठा ढीग. संत याकोबाच्या कबरीकडे, सान्तियागोला पायी निघालेले यात्रेकरू घरून एक दगड आणतात आणि आपलं ओझं म्हणून इथे ठेवतात. मीही आणला होता. लेऑनपासून पंचाहत्तरएक किलोमीटर तो खिशात वागवला. ठेवला, गुडघे टेकले, डोळे मिटले.

काही झालं नाही.

माझं ओझं कोणतं ते सांगतो. वडील अंथरुणाला खिळलेले असताना मी घर एकट्याच्या नावावर करून घेतलं. दादाला पत्ता लागू दिला नाही. त्याला कळलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद, त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी उपवास केले, देणग्या दिल्या, धर्मगुरूपुढे पापांची कबुली म्हणजे पापांगीकारही केला, पण तिथे हे पाप गोलगोल शब्दांत सांगितलं. दादाला फोन तेवढा केला नाही. ही वारीसुद्धा त्याच हिशेबातली होती. इतके किलोमीटर, इतक्या जपमाळा, मग कधीतरी देव ‘पुरे’ म्हणेल.

क्रूसापासून मोलिनासेकापर्यंतचा उतार फार वाईट आहे. सुटे दगड, पाऊल टेकवावं तिथे घसरतं. गावात पोचेपर्यंत उजवा गुडघा सुजला होता आणि दोन्ही टाचांना फोड आले होते. यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी एक पांढऱ्या केसांच्या बाई सेवा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घमेल्यात कोमट पाणी घेऊन समोर जमिनीवर बसल्या. मी पाय मागे घेतले. मोजे रक्ताने चिकटले होते, वास येत होता. त्यांनी घोटा धरला, पाय मोज्यासकट पाण्यात बुडवला आणि मोजा बोटाबोटाने सोडवायला लागल्या. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मग सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि आतलं पाणी झिरपून जावं म्हणून दोरा तसाच ठेवून दिला.

मला येशूचा शिष्य पेत्र आठवला. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पाय धुवायला वाकतो तेव्हा पेत्र त्याला अडवतो. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो. मला ते नेहमी नम्रतेचं बोलणं वाटायचं. त्या बाईंच्या हातात माझा पाय होता तेव्हा कळलं, तो ताठा आहे. आणि येशूचं उत्तर: मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

वाटा! हा प्रसंग असलेला बायबलमधला योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण हा शब्द कधी टोचला नव्हता. भावाचा वाटा गिळून बसलेल्या माणसाला प्रभू आपल्याकडचा वाटा देऊ करत होता, आणि मी म्हणत होतो, थांब, आधी चालून दाखवतो. मला रडू आवरेना. बाई काही बोलल्या नाहीत. दुसरा पाय पाण्यात घेतला.

पुढचे दोन दिवस लंगडत विलाफ्रांका देल बिएर्झोला पोचलो. तिथल्या संत याकोबाच्या जुन्या देवळाला ‘क्षमेचं दार’ आहे. आजारपणामुळे पुढे जाऊ न शकणाऱ्या यात्रेकरूंना मध्ययुगात या दारातच सान्तियागोइतकी क्षमा मिळायची. उरलेले जवळजवळ 185 किलोमीटर त्यांच्याकडून कुणी मागायचं नाही. मी गेलो तेव्हा ते बंद होतं. 25 जुलैला, म्हणजे संत याकोबाच्या सणाला रविवार येतो त्या पवित्र वर्षीच ते उघडतं. मी समोरच्या पायरीवर बसलो. बायबलमधल्या जकातदार जक्कयाची गोष्ट डोक्यात घोळत होती. त्यानेही लोकांचं लुबाडलं होतं. येशू त्याच्या घरी उतरला तो आधी, परत करायची भाषा जक्कयाच्या तोंडी आली ती नंतर. हा क्रम मी आयुष्यभर उलटा धरला होता.

तिथूनच फोन लावला.

“दादा, मी बोलतोय.”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “बोल.”

कागदांवर सही कशी घेतली तिथपासून सगळं सांगितलं. आजारपणाची, परिस्थितीची एकही सबब पुढे केली नाही, आणि ती करावीशी वाटली नाही याचं मला अजून नवल वाटतं. नऊ वर्षं माझ्या जिभेला जे जमलं नव्हतं, ते माझ्या बळाने झालं असं मी म्हणणार नाही. दादा रागावला, खूप बोलला. मी ऐकलं.

गुडघ्यामुळे वारी तिथेच थांबली. घर आता दोघांच्या नावावर आहे. दादा अजून मोकळा बोलत नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी फोन करतो, कधी उचलतो, कधी नाही.